पौल विश्वास म्हणतो, याकोब क्रिया म्हणतो: मिश्र गटात कसं शिकवावं?

अभ्यासगट_पुणे:
सर्वांना सलाम. आमच्या बायबल अभ्यासात सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) या प्रॉटेस्टंट मंडळीतले लोक आहेत, वसईकडचे कॅथलिकही आहेत. पुढचा विषय तारण, म्हणजे पापातून सुटका. नव्या करारातली दोन पत्रं इथे वेगळं बोलताना दिसतात. पौलाच्या रोम ३:२८ प्रमाणे माणूस नियमशास्त्राच्या (मोशेच्या नियमांच्या) कर्मांवाचून, विश्वासाने नीतिमान, म्हणजे देवापुढे निर्दोष, ठरतो. याकोब २:२४ प्रमाणे केवळ विश्वासाने नव्हे, तर क्रियांनी. दोघेही दाखला देतात अब्राहामाचाच. दोन तासांत हे कसं मांडावं? आणि कॅथलिक 'कर्माने तारण' मानतात, हे खरं का?

बिरुया:
ही दोन वचनं समोरासमोर ठेवून सुरुवात करू नका. लगेच दोन बाजू पडतात आणि वाचायचं सोडून सगळे बचाव करत बसतात. आधी उत्पत्ती उघडा: १५:६, मग अध्याय १७, मग २२.

१५:६ मध्ये अब्राहाम देवाच्या वचनावर विश्वास ठेवतो आणि ते त्याचं नीतिमत्त्व गणलं जातं. त्यानंतर त्याचा मुलगा इश्माएल जन्मतो, तेव्हा अब्राहामाचं वय ८६ (१६:१६). सुंता होते ९९ व्या वर्षी (१७:२४). म्हणजे मध्ये किमान १३ वर्षं गेली. रोम ४:१० मधला पौलाचा युक्तिवाद या अंतरावरच उभा आहे: नीतिमान गणला गेला तेव्हा त्याची सुंता झालेली नव्हती, मग परराष्ट्रीयांवर, म्हणजे यहुदी नसलेल्यांवर, ती अट कशाला? याकोब मात्र अध्याय २२ कडे बोट दाखवतो. अब्राहामाने आपला मुलगा इसहाक याला बळी देण्यासाठी वेदीवर ठेवलं तेव्हा १५:६ चं वचन पूर्ण झालं, असं तो म्हणतो. पौल विश्वासाच्या आरंभाबद्दल बोलतोय, याकोब त्याच्या कसोटीबद्दल.

मग गटाला विचारा, याकोब कोणत्या विश्वासाला निर्जीव म्हणतो? २:१९ पाहा: देव एकच आहे हे भुतंही मानतात. २:१६ मध्ये उपाशी, उघड्या भावाला 'ऊब घ्या, तृप्त व्हा' म्हणून रिकाम्या हाती पाठवणारा आहे. पौलही याला विश्वास म्हणणार नाही. गलती ५:६ मध्ये त्याला हवा आहे तो प्रीतीच्या द्वारे कार्य करणारा विश्वास.

आणि इफिस २:८-९ वर कृपा करून थांबू नका. आपल्या प्रॉटेस्टंट शिकवणीत १० वं वचन फार वेळा गळतं, आणि सत्कृत्यांसाठी आपण निर्माण झालो आहोत हे त्यातच आहे.

वसई_वाचक:
'कर्माने तारण' ही कॅथलिक शिकवण नाही, हे ठामपणे सांगा. ट्रेंट परिषदेच्या (ल्यूथरच्या सुधारणेला उत्तर देणाऱ्या कॅथलिक धर्मसभेच्या) सहाव्या बैठकीचा (१३ जानेवारी १५४७) निर्णय वाचा. त्यातल्या ३३ निषेध-कलमांपैकी पहिलंच कलम, कृपेवाचून स्वतःच्या कर्मांनी नीतिमान ठरता येतं असं म्हणणाऱ्याविरुद्ध आहे. अध्याय ८ तर म्हणतो की नीतिमान ठरण्याआधीचं काहीच ती कृपा कमावत नाही, ना विश्वास, ना कृत्यं. याकोब २:२४ येतं अध्याय १० मध्ये, मिळालेल्या नीतिमत्त्वाच्या वाढीसंदर्भात.

खरा फरक निराळाच आहे. ल्यूथरच्या परंपरेत नीतिमान ठरणं हा देवाचा निवाडा आहे: ख्रिस्ताचं नीतिमत्त्व आपलं म्हणून गणलं जातं आणि जीवनातला बदल त्याच्या मागोमाग येतो. आम्ही क्षमा आणि अंतःकरणाचं नवीकरण एकत्रच धरतो. म्हणून आमच्याकडे त्यात वाढ होऊ शकते, आणि गंभीर पापाने ती कृपा गमावताही येते. परतीची वाट प्रायश्चित्त संस्काराची (अध्याय १४).

अभ्यासगट_पुणे:
आभारी आहे. येशूच्या शेजारी वधस्तंभावर असलेल्या चोराचं उदाहरण कोणीतरी नक्की काढेल.

बिरुया:
काढू द्या. लूक २३:४०-४३ मध्ये कृत्यांना वेळच नव्हता, तरी सुखलोकाचं वचन मिळालं. दोन्ही परंपरांना हे मान्य आहे. पण ज्याच्या हाताशी आयुष्य आहे, त्याने सवलत म्हणून ते वापरलं तर लगेच मत्तय २५:३१-४६ वाचायला लावा; तिथे उपाशी-उघड्यांना मदत केली की नाही यावरून निवाडा होतो.

जुना_वाचक:
दुसऱ्या तासासाठी ३१ ऑक्टोबर १९९९ ला ऑग्सबर्गमध्ये लूथरन विश्व महासंघ आणि कॅथलिक चर्च यांनी सही केलेली, नीतिमान ठरण्याच्या शिकवणीवरची संयुक्त घोषणा घ्या. पुढे २००६ मध्ये मेथडिस्ट आणि २०१७ मध्ये रिफॉर्म्ड (कॅल्विनच्या परंपरेतल्या) मंडळ्याही तिच्याशी जोडल्या गेल्या. एकूण ४४ परिच्छेद आहेत, सगळे वाचत बसू नका. परिच्छेद १५ मोठ्याने वाचा: आपल्या कोणत्याही गुणामुळे नव्हे, तर केवळ कृपेने देव आपल्याला स्वीकारतो, आणि पवित्र आत्मा सत्कृत्यांसाठी आपल्याला सज्ज करतो. मग ३७ ते ३९, तिथे सत्कृत्यांबद्दल दोघांची मांडणी शेजारीशेजारी आहे. शेवटी २८ ते ३०: विश्वासणारा एकाच वेळी नीतिमान आणि पापी असतो का? इथे मतभेद अजून आहे. त्यासाठी निदान अर्धा तास राखून ठेवा.