कॅलेंडर, गृहपत्रिका, ओळखपत्र: निवृत्तांच्या बारीकसारीक सवलती बंद करणं कितपत योग्य?

सेकंडशिफ्ट

आमच्या जुन्या कंपनीचं (नाव घेत नाही, हे बऱ्याच ठिकाणी चाललंय) एक पानी पत्र आलं. निवृत्त कर्मचाऱ्यांना मिळणारं कॅलेंडर आणि डायरी, तिमाही गृहपत्रिका, हॉलिडे होमचं सवलतीतलं बुकिंग, कंपनीच्या दवाखान्यातली वर्षाची तपासणी आणि गेटवर चालणारं निवृत्तांचं ओळखपत्र, सगळं 'खर्चाच्या सुसूत्रीकरणाचा भाग म्हणून' बंद. खाली सही नाही. 'संगणकीय पत्र असल्याने सहीची आवश्यकता नाही' ही ओळ मात्र आठवणीनं छापली आहे.

तेव्हापासून आमच्या पेन्शनरांच्या ग्रुपवर दोन तट पडलेत. एक म्हणतो, एवढी वर्षं दिलं तेच खूप. दुसरा म्हणतो, मोर्चा काढू. मी दुसऱ्यातला, पण गुडघ्यांमुळे मोर्चाला नाही.

माझं म्हणणं साधं आहे. ग्रॅच्युइटीला कायदा आहे, फंडाला कायदा आहे, त्यांना हात लावायची सोय नाही. जे कुठे लिहून ठेवलेलं नाही ते सगळ्यात आधी उडतं, कारण उडवता येतं. त्यातून किती पैसे वाचतात हा प्रश्न नंतरचा. आणि ओळखपत्र रद्द करून कुणाचे किती पैसे वाचले, हे मला एखाद्या जाणकारानं समजावून सांगावंच. आता आत पतपेढीत जायचं तर रजिस्टरात 'कोणास भेटावयाचे' आणि 'भेटीचे कारण' हे रकाने भरा, कॅमेऱ्यासमोर उभे राहा आणि गळ्यात 'अभ्यागत' अडकवून घ्या. गेटवरचा पोरगा बिचारा अदबीनं बोलत होता, त्याची काही चूक नाही. पण ज्या गेटातून हयातभर बोलावल्याशिवाय आत गेलो तिथे भेटीचं कारण काय लिहायचं?

मतं येऊ द्या. विरोधातलीही.

जमाखर्च

विरोधातलं मत हजर आहे. मीही निवृत्त, आयुष्य अकाउंट्समध्ये गेलं.

नोकरी हा व्यवहार होता. काम केलं, पगार घेतला, शेवटी फंड आणि ग्रॅच्युइटी घेऊन घरी आलो. हिशेब पुरा झाला. त्यानंतर कंपनीनं जे दिलं ते तिच्या खुशीनं दिलं. खुशी संपली. त्यात अपमान शोधत बसलात तर रोज एक सापडेल.

दुसरं, या गोष्टी तुम्हाला वाटतात तितक्या फुकटच्या नसतात. अमेरिकेत डिसेंबर १९९०मध्ये हिशेबाचा एक नवा नियम आला, एफएएस १०६. तोवर निवृत्तांच्या औषधपाण्याचा खर्च ज्या वर्षी व्हायचा त्याच वर्षी खर्ची पडायचा. नवा नियम म्हणाला, पुढे देणार असाल तर तो बोजा आजच पुस्तकात दाखवा. जनरल मोटर्सनं १९९२च्या हिशेबात त्यापायी सुमारे २०.८ अब्ज डॉलर एकरकमी मांडले. त्यानंतर तिकडे निवृत्तांच्या वैद्यकीय सवलतींना कशी कात्री लागत गेली हे सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्याकडेही हिशेबाचे तसेच नियम, एएस १५ आणि आता इंड एएस १९, आहेत. नोकरीनंतर द्यायचे वैद्यकीय लाभ ॲक्च्युअरीकडून, म्हणजे पुढच्या देण्यांचा अंदाज बांधणाऱ्या गणितज्ञाकडून, मोजून घ्यावे लागतात. माणसं जास्त जगतात, औषधं महागतात, आकडा फुगतो. तो पाहून संचालक मंडळ दचकणार नाही तर काय करणार?

सेकंडशिफ्ट

जमाखर्च साहेब, माहिती उत्तम. एकच विचारतो, कॅलेंडरलाही ॲक्च्युअरी लागतो का हो?

जमाखर्च

नाही लागत. पण सुसूत्रीकरण सुरू झालं की यादीवरून पेन फिरतं. मोठ्या बाबीला हात लावायचा असतो, मग छोटी तशीच ठेवली तर युनियन विचारते की हे चालू आणि ते बंद, असं का? म्हणून सरसकट.

नोटिसपिरियड

काका लोकहो, राग मानू नका, पण वाचून गंमत वाटली. आमच्याकडे राजीनाम्याच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी लॅपटॉप जमा, ईमेल बंद, कार्ड जमा. लिफ्टनं खाली येईपर्यंत आपण कंपनीचे कुणी नसतो. तुम्हाला नोकरी सुटल्यावरही कॅलेंडर यायचं, गृहपत्रिका यायची! आमच्या पिढीत कुणी असली अपेक्षा धरली तर लोक डोक्याला हात लावतील. तुम्ही लाडावलेले आहात असं म्हणत नाही (म्हणतोय).

टाचणी

@नोटिसपिरियड, तुम्हाला काहीच मिळत नाही म्हणून आमचंही काढावं, हा कुठला न्याय? तुमच्यासाठी कुणी भांडलं नाही याचं खापर आमच्यावर कशाला?

नोटिसपिरियड

खापर नाही हो. एवढंच की आम्ही कंपनीवर जीव लावत नाही, म्हणून तुटतानाही काही वाटत नाही. त्यात जास्त शहाणपण आहे असं मला अजूनही वाटतं.

शेवटचीस्लिप

मूळ दुखणं सोडून खरचटल्याला मलम लावणं चाललंय. ईपीएस-९५ची योजना, म्हणजे भविष्य निधीतली आपली पेन्शन, १६ नोव्हेंबर १९९५पासून लागू झाली. २०१४मध्ये किमान पेन्शन महिना १००० रुपये ठरली आणि या पेन्शनला महागाई भत्ता जोडलेलाच नाही. सही करायची तर त्या मागणीवर करा. गृहपत्रिकेत असायचं काय? अध्यक्षांचा फोटो, अध्यक्ष झाड लावतानाचा फोटो आणि शब्दकोडं.

टाचणी

शब्दकोडं चांगलं असायचं.

कल्याणविभाग

मी बाई आहे, निवृत्त आहे आणि आयडीत लिहिलंय त्याच विभागात काम केलंय. म्हणजे ज्या कॅलेंडरांवर इथे चर्चा चाललीय तसल्या कॅलेंडरांच्या गुंडाळ्या करून त्यांवर पत्त्याच्या चिठ्ठ्या चिकटवणारे हात माझे. तेव्हा या विषयावर थोडं लांब बोलणार.

कॅलेंडर भिंतीवर लागतं की रद्दीत जातं याच्याशी आम्हाला देणंघेणं नव्हतं. आमच्या कामाचं होतं ते परत आलेलं कॅलेंडर. दरवर्षी जानेवारीत गठ्ठ्यानं परत यायची. कुणावर पोस्टमननं 'घर बंद' लिहिलेलं, कुणावर 'पत्ता बदलला', कुणावर 'मयत'. त्या शेऱ्यांवरून आम्ही रजिस्टर दुरुस्त करायचो. घर बदललेल्याच्या जुन्या सहकाऱ्याला फोन लावून नवा पत्ता घ्यायचा. मयत असेल तर घरी पत्र पाठवायचं, की बाईंच्या नावानं फॅमिली पेन्शनचा अर्ज झाला का, गट विम्याचे पैसे आले का. कितीतरी घरांत हे कुणाला माहीतच नसायचं. नवरा गेला, कागद कपाटात, आणि कपाटाची किल्ली मुलाकडे परगावी.

हे काम कुठल्या नियमात नव्हतं, कुणाच्या कामाच्या यादीतही नव्हतं. कॅलेंडर जायचं म्हणून ते आपोआप व्हायचं. आम्ही शेवटच्या दोघी निवृत्त झालो, जागा भरल्या नाहीत. मग कॅलेंडर थांबलं आणि त्याबरोबर रजिस्टर गोठलं. पुढे गट आरोग्य विम्यात राहायचं की नाही याचं संमतिपत्र मागवलं गेलं, तेव्हा ते त्याच जुन्या पत्त्यांवर गेलं. मुदतीत उत्तर नाही म्हणजे 'इच्छुक नाही', असं धरलं. साठी उलटलेल्या, साखर आणि रक्तदाब असलेल्या माणसाला एकदा गटातून बाहेर पडल्यावर स्वतंत्र पॉलिसी किती सुखानं मिळते ते ज्यानं घेऊन पाहिलीय त्याला विचारा. तेव्हा जमाखर्च साहेब, कॅलेंडर छोटंच. पण त्याला बांधलेला दोर कुठवर जात होता ते तुमच्या खतावणीत दिसत नव्हतं.

जमाखर्च

ताई, हा मुद्दा मान्य. पण यातून कॅलेंडर हवं हे सिद्ध होत नाही, पत्ते ताजे ठेवायला हवेत हे होतं. त्यासाठी वर्षातून एक एसएमएस पुरे.

कल्याणविभाग

एसएमएस परत येत नाही, साहेब. नंबर बंद पडून दुसऱ्याला मिळाला तर तो दुसरा माणूस वाचून सोडून देतो. कॅलेंडर शेरा घेऊन परत यायचं.

लालबावटा

एवढी चर्चा कशाला? नकारा खटल्यात सुप्रीम कोर्टानं १७ डिसेंबर १९८२ला सांगून टाकलंय की पेन्शन ही मेहेरबानी नव्हे, केलेल्या सेवेचा हक्क आहे. म्हणूनच १७ डिसेंबर हा पेन्शनर दिन. कंपनीला कोर्टात खेचा, सरळ होतील.

कलम९क

खेचा म्हणणं सोपं आहे, खर्चाला कोण उभं राहणार? नकारा खटला केंद्र सरकारच्या पेन्शनरांचा होता. ३१ मार्च १९७९ या तारखेच्या अलीकडे-पलीकडे निवृत्त झालेल्यांना वेगवेगळं सूत्र लावलं, ते कोर्टानं समानतेच्या विरुद्ध ठरवलं. निकाल थोरच आहे. पण खासगी कंपनीची डायरी आणि हॉलिडे होम त्यात बसत नाही. समानतेचं कलम सरकारवर चालतं, तुमच्या जनरल मॅनेजरवर नाही.

खरी मेख वेगळ्याच ठिकाणी आहे. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात एक बाब होती, रूढ सवलत किंवा सुविधा काढून घेणं किंवा वहिवाट बदलणं. असा बदल करायचा तर कलम ९-क खाली कामगारांना २१ दिवसांची नोटीस द्यावी लागायची. म्हणजे नियमात न लिहिलेली, फक्त वहिवाटीनं चालत आलेली गोष्टसुद्धा कायद्याला दिसत होती. पण कुणासाठी? कामावर असलेल्या कामगारासाठी. तो निवृत्त झाला की व्याख्येबाहेर. तीच सवलत, तोच माणूस, फक्त पगारपत्रकावरून नाव उतरलं की नोटीसही नाही. सेकंडशिफ्टना एक पानी पत्र आलं हीसुद्धा कृपाच समजायची.

अमेरिकेतही याच अंगाचा निकाल आहे. एम अँड जी पॉलिमर्स विरुद्ध टॅकेट, जानेवारी २०१५. करारात स्पष्ट लिहिलं नसेल तर निवृत्तांचा आरोग्यलाभ तहहयात आहे असं गृहीत धरता येणार नाही, असं तिथलं सुप्रीम कोर्ट एकमतानं म्हणालं. तात्पर्य, साहेबांनी निरोप समारंभात तोंडानं दिलेलं आश्वासन कोर्टाला ऐकू येत नाही.

लालबावटा

म्हणजे गप्प बसायचं?

कलम९क

असं कुठे म्हटलं? पत्रव्यवहार करा, संघटनेमार्फत भेट मागा. कोर्टाची भाषा मात्र आत्ताच नको. ती आली की समोरचा फाईल लीगलकडे ढकलतो आणि मग वर्षभर उत्तर नाही.

बायोमेट्रिक

मी सध्या एचआरमध्ये आहे (दुसऱ्या कंपनीत). ओळखपत्राचं कोडं सोडवून देते, कारण आमच्याकडेही हेच झालं.

त्यात खर्च वाचवण्याचा विचार नसतो. जुन्या काळी लॅमिनेट केलेलं कार्ड दाखवलं की वॉचमन सलाम करायचा. आता गेटवरची मशीन एम्प्लॉयी कोड मागते. निवृत्ती झाली की पगाराच्या सिस्टिममध्ये कोड 'निष्क्रिय' होतो आणि गेटही तोच कोड वाचतं. 'निवृत्त' असा तिसरा प्रकार बनवून घ्यायचा तर सॉफ्टवेअरवाल्याला वेगळं काम द्यावं लागतं, त्याला मंजुरी लागते आणि ती मागणारा माणूस जागेवर नाही. वर सुरक्षा ऑडिटवाला विचारतो की कोड नसलेली माणसं आत येतातच कशी? या कटकटीपेक्षा बंद करणं सोपं, म्हणून बंद. 'सुसूत्रीकरण' हे पत्र लिहिणाऱ्यानं वर चिकटवलेलं लेबल.

सांगायचं एवढंच, की अपमान करायला कुणी बसलेलं नसतं.

सेकंडशिफ्ट

बायोमेट्रिक ताई, खुलाशाबद्दल आभार. पण यानं मला बरं वाटण्याऐवजी वाईटच वाटलं. कुणी ठरवून काढलं असतं तर त्याच्याशी भांडता आलं असतं. इथे तर आम्ही सिस्टिममध्ये कुठल्या रकान्यात बसतो हे बघायची तसदीच कुणी घेतली नाही.

पत्राचा मसुदा करतोय. मागण्या चार: (१) निवृत्तांचं कार्ड, मशीनचं नको असेल तर साधं, गेटवर यादी ठेवून. (२) वर्षाची तपासणी. (३) पत्त्यांची ताजी यादी संघटनेला. (४) कॅलेंडर. गृहपत्रिका आणि हॉलिडे होम सोडून देतोय, शब्दकोडंवाल्यांनी माफ करावं.

बायोमेट्रिक

तिसरी मागणी अशी केलीत तर नकारच येईल. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा कायद्यानंतर कुठलीही लीगल टीम लोकांचे पत्ते संमतीशिवाय बाहेर देणार नाही. उलटं करा. संघटनेनं सभासदांकडून संमतीचे फॉर्म भरून घ्यावेत, यादी आपण बनवावी आणि कंपनीला द्यावी. 'तुमचं रजिस्टर आम्ही दुरुस्त करून देतो' म्हटल्यावर नाही म्हणणं अवघड जातं.

जमाखर्च

हे पटलं. तपासणीच्या मागणीत 'निवृत्तांनी अर्धा खर्च सोसावा' असं घाला, म्हणजे आकड्यावरून अडणार नाही. आणि चौथा मुद्दा काढा, मग माझी सही आहे असं समजा. कॅलेंडर मागितलंत की बाकीच्या तीन मागण्या वाचायच्या आधी वरचे लोक हसतील.

सेकंडशिफ्ट

चौथा राहणार. हसू देत.

जमाखर्च

मग सही तीन मुद्द्यांपुरती, तसा शेरा मारून.

शेवटचीस्लिप

तुमच्या मसुद्यात ईपीएसचा पाचवा मुद्दा घाला.

कलम९क

तो कंपनीच्या हातातला नाही हो. भविष्य निधी संघटनेकडे आणि सरकारकडे वेगळा अर्ज करा. एका पत्रात दोन दारं ठोठावली की दोन्ही आतली माणसं म्हणतात, हे आमचं नाही.

कल्याणविभाग

यादी करताय तर एक लक्षात ठेवा. फॅमिली पेन्शन घेणाऱ्या बायकांची नावं वेगळी, त्यांच्या स्वतःच्या नावानं लिहा. 'कै. अमुक यांच्या पत्नी' असं नको. आमच्या जुन्या रजिस्टरात तसंच होतं आणि रजिस्टर्ड पाकिटं सही कुणाची घ्यायची या घोळात परत यायची. पतपेढी, आधार आणि पेन्शन खातं, तिन्हीकडे नाव एकच आहे का तेही फॉर्ममध्येच विचारून घ्या. फॉर्मचा नमुना माझ्याकडे आहे, व्यक्तिगत निरोपातून पाठवते.