जनहिताच्या वकिलीसाठी मुंबई की पुणे?

प्रश्न (देवगड): माझ्या मुलीला बारावीनंतर कायदा शिकून मच्छीमारांसाठी वकिली करायची आहे, मुंबईचे १८५५ सालचे शासकीय विधी महाविद्यालय बरे, की पुण्याचे आयएलएस विधी महाविद्यालय?

उत्तर (गुहागर): नावापेक्षा तेथील विधी साहाय्य केंद्राचे विद्यार्थी खरोखर गावांत जातात का, हे आधी विचारा. मी पुणेच सुचवीन, कारण पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागीय खंडपीठ तेथे असल्याने खारफुटी आणि किनारा नियमनाच्या प्रकरणांची सुनावणी जवळून पाहता येईल.

उत्तर (मालवण): शुल्कही पाहा, कर्जाचे हप्ते डोक्यावर असले की जनहिताची वकिली परवडत नाही, हे आमच्या घरातच अनुभवले आहे. शिवाय २०२५पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (मुंबईबाहेर बसणारे, सिंधुदुर्गाचीही प्रकरणे ऐकणारे खंडपीठ) कोल्हापुरात असल्याने तिला सिंधुदुर्गात राहूनही काम करता येईल.