पावसाळ्यात जंगलवाटेवर ग्रुप राइड काढावी, की वाफसा येईपर्यंत (माती पुरेशी सुकेपर्यंत) थांबावं? सायकलस्वारांची चर्चा, टोपणनावांनी.

मुरूमवाट

पाऊस लागला की आपल्याकडचे बहुतेक ग्रुप एमटीबी (माउंटन बाइक) भिंतीला टेकवतात आणि थेट दसऱ्यानंतर बाहेर काढतात. मला हे पटत नाही. चिखलातली, आरामात चालणारी राइड श्रावणात काढता येते. अट एकच, वाट तारखेवरून नाही तर मातीवरून निवडायची.

काळ्या, भारी जमिनीची पांदण (शेतांमधली गाडीवाट) पावसाळ्यात पूर्ण बाद. ती माती पाणी पिऊन फुगते, चाकाला धरते, खडे उचलते आणि चेनस्टेच्या (मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या नळ्यांच्या) खाचेत ठासून बसते. पन्नास मीटरात चाक जाम. पण अमरावती-यवतमाळकडच्या बरड (उथळ, खडकाळ मातीच्या) टेकड्या किंवा भंडारा-गोंदियाकडची मुरमाड, रेताड वाट घ्या. तिथं पाऊस थांबला की दोन-तीन तासांत पाणी उतरतं. वाटेवरची मूठभर माती दाबा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. गोळा फुटला तर निघा. तसाच राहिला किंवा तळहाताला चिकटला, तर सायकली गाडीतच राहू द्या. ही परीक्षा टेकडीवर करू नका, नाल्याजवळच्या सर्वांत खालच्या जागी करा. वरची बारीक माती वाहून तिथंच साचते.

आठ जण, १५ किमी, तीन तास. वेग सर्वांत हळू चालवणाऱ्याचा. पुढे वाट माहीत असलेला, शेवटी टूलकिटवाला, आणि प्रत्येक फाट्यावर शेवटचा दिसेपर्यंत थांबायचं. उतारावर दोघांत १५ मीटर अंतर. डबकं आलं की काठीनं खोली बघून मधूनच जायचं. कडेकडेनं गेलं की दर राइडला वाट हातभर रुंदावते. नाल्याचं पाणी गुडघ्यावर असेल, किंवा बघता बघता गढूळ होऊन चढत असेल, तर ओलांडायचं नाही. वर कुठंतरी पाऊस सुरू असतो.

धुरा

मुरूमवाट भाऊ, मातीची परीक्षा बरोबर सांगितली, निष्कर्ष चुकीचा काढला. शेतकरी वाफसा आल्याशिवाय वावरात डवरा (कोळपं) घालत नाही, कारण ओल्या मातीवर वजन पडलं की ती दबून घट्ट होते. वाटेलाही तोच नियम लागतो. वरून पाणी उतरलेला मुरूम आतून ओलाच असतो. पहिल्या दोन सायकलींना तो धरतो, आठवी जाईपर्यंत चाकोरी पडते, आणि पुढच्या सरीचं पाणी त्याच चाकोरीतून धावतं.

दुसरं, तुम्ही सुचवलेल्या बरड टेकड्यांवरच सलग समतल चर (पाणी मुरवायला उताराला आडवे खणलेले लांब खड्डे) खोदलेले असतात. वरुड तालुका २०१६ च्या पाणी फाउंडेशन वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेत होता. तिकडच्या गावांनी श्रमदान करून माती अडवली आहे. चराच्या भरावावरून आठ सायकली आडव्या गेल्या की तिथं खाच पडते, आणि साचलेलं सगळं पाणी त्या एका खाचेतून फुटून निघतं. शिवाय जुलै-ऑगस्ट म्हणजे निंदण, डवरणी, फवारणी. पांदणीवर बंडी (बैलगाडी) आली तर तुम्ही सायकल घेऊन कुठं सरकणार? धुऱ्यावर (बांधावर)? तिथं तूर उभी असते.

पोळा आणि पाऊस झाला भोळा. पोळ्यानंतर निघा, कोणी अडवणार नाही.

मुरूमवाट

चरांचा मुद्दा मान्य, आणि तो नियमातच घालायला हवा. चर दिसला की सायकल खांद्यावर, नाहीतर ती वाटच सोडायची. पण चाकोरी वजनापेक्षा ब्रेकनं जास्त पडते. स्वार धरून सायकल ९० किलोच्या आसपास, भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली काही टनांची. मागचं चाक लॉक करून घसरत उतरलं की वरचा थर सोलून निघतो. दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबून, चाक फिरतं ठेवून उतरलं तर फक्त नक्षी उमटते. ज्याला हे जमत नाही त्यानं उतार पायी उतरावा. आरामाच्या राइडमध्ये त्यात कमीपणा नाही.

गिअरवाला

वाटेबद्दल तुम्ही दोघं बोला, मी सायकलबद्दल बोलतो. माझं मत विरोधात आहे, कारण नव्या माणसाचा खर्च कोणी सांगत नाही.

पहिला बळी डिरेलर हँगरचा, म्हणजे गिअर बदलणारा डिरेलर फ्रेमला जोडणाऱ्या पट्टीचा. चिखलात गवत मिसळून डिरेलरच्या पुल्यांत (छोट्या चाकांत) अडकतं, चेन पुढे सरकत नाही, आणि माणूस जोर लावून पेडल मारतो. हँगर तुटतो, डिरेलर स्पोकमध्ये जातो, चाकही वाकतं. पेडल जड लागलं की त्याच क्षणी पाय थांबवायचे, उतरून काडीनं गवत काढायचं. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, शेजाऱ्याचा बसत नाही. म्हणून आपापला एक सुटा हँगर आणि चेनची क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी) खिशात हवीच. सुटा हँगर नसेल तर चेन टूलनं चेन कापून छोटी करायची, मधल्या गिअरवर सरळ रेषेत बसवायची आणि तशीच घरी आणायची.

दुसरा ब्रेक पॅड. चिखलात रेझिन (मऊ, राळेचे) पॅड एका लांब राइडमध्येही संपू शकतात. सिंटर्ड (धातूचे) घ्या, आवाज करतात पण टिकतात. अस्तर १ मिमीच्या खाली असेल तर निघूच नका. व्ही-ब्रेकवाल्यांनी तर येऊच नये. ओली रेती पॅड आणि रिमच्या मधे घासून रिमच खाते, आणि चिखल ब्रेकच्या दांड्यांतही अडकतो.

तिसरी धुलाई. गाडी धुण्याच्या प्रेशरनं हब (चाकाचा मधला भाग) आणि बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलच्या आसाच्या) सीलमधून पाणी आत जातं, ग्रीस निघून जातं. काळी माती वाळायच्या आत बादली आणि मऊ ब्रशनं धुवा. मग सीटपोस्ट काढून सायकल उलटी ठेवा, फ्रेममधलं पाणी निथळू द्या. चेन पुसा, वेट ल्यूब (ओल्यात टिकणारं तेल) लावा, पाच मिनिटांनी वरचं तेल पुन्हा पुसून घ्या. ओशट चेनवर रेती चिकटते. आणि नाल्यात सायकल धुऊ नका, खाली गुरं पाणी पितात.

सिंगलगिअर

मग गिअरच नको. हँगर नाही, पुली नाही, गवत अडकायला जागा नाही. गावातल्या साध्या सायकली चिखलातून रोज जातात. फक्त मडगार्ड काढून ठेवा, आधी चिखल तिथंच ठासतो.

गिअरवाला

सपाटीवर खरं आहे. बरड टेकडीच्या ओल्या चढावर एकाच गिअरवर उभं राहून पेडल मारावं लागतं, मागच्या चाकावरचं वजन जातं आणि चाक जागीच फिरतं. ओल्यात बसूनच, हलक्या गिअरवर, सीटच्या टोकाशी सरकून चढायचं असतं. तुमचे लोक अर्धा चढ ढकलतील.

रुंदटायर

टायरबद्दल कोणीच बोललं नाही. २.३५ इंची टायर लावा, ट्यूबलेस (ट्यूब नसलेला) असेल आणि वजन ७० किलोच्या आसपास असेल तर पुढे २०, मागे २२-२३ पीएसआय हवा. ट्यूब असेल तर २६ आणि २८ च्या खाली नको, बेसाल्टच्या धारेवर ट्यूब चिमटली जाते. आपल्या उन्हाळ्यात सीलंट (ट्यूबलेस टायरची भोकं बुजवणारा द्रव) दोन-तीन महिन्यांत वाळतं, म्हणून जूनमध्ये प्रत्येक चाकात १०० मिली नवीन भरा. बाभळीचे काटे पावसात मऊ होत नाहीत.

मुरूमवाट

इथं मी तुमच्या विरुद्ध. २.४ च्या जागी २.१ लावला तर फ्रेममध्ये प्रत्येक बाजूला साधारण ४ मिमी जागा वाढते. स्वस्त फ्रेमवर चाक फिरणं आणि जाम होणं यात तेवढाच फरक असतो. टायरचे नॉब (उंचवटे) उंच आणि विरळ हवेत, म्हणजे माती फिरता फिरता गळून पडते.

धुरा

आणि अरुंद टायर जास्त खोल कापतो. वाटेच्या बाजूनं विचार केला तर रुंदटायर यांचं बरोबर आहे.

वनहद्द

माती, टायर नंतर. आधी हद्द. राखीव वनात परवानगीशिवाय शिरणं भारतीय वन अधिनियम १९२७ खाली गुन्हा आहे, अभयारण्यात वन्यजीव अधिनियम १९७२. पावसाळ्यात व्याघ्र प्रकल्पांचा गाभा पर्यटनाला बंद असतो. सायकलीला वेगळी सूट नाही.

आणि वाघ प्रकल्पातच असतो असं समजू नका. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला तरुण वाघ २०१९ मध्ये बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत चालत गेला, गावशिवारांतून. श्रावणात गवत छातीला लागतं, सायकल आवाज करत नाही, वळणावर अस्वलाला तुम्ही थेट पुढ्यातच दिसता. सकाळी आठच्या आधी आणि चारनंतर जंगलवाटेवर असू नये, घंटी वाजवत राहावं. वाट सोडून वावरात शिरू नका, रानडुकरांसाठी काही जण रात्री तारेत करंट सोडतात आणि सकाळी तो बंद झालेला असेलच असं नाही. गवतात बसून डबे उघडू नका. स्क्रब टायफस हा ताप पसरवणारे बारीक किडे तिथंच असतात. लांब मोजे घाला. राइडनंतर तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरला जंगलात गेल्याचं आधी सांगा.

मुरूमवाट

म्हणूनच माझा आग्रह सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांच्या वाटांवर आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानं गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा)सारख्या ग्रामसभा आपलं जंगल स्वतः सांभाळतात. ग्रामसभेला आठ दिवस आधी विचारायचं, पोलीस पाटलांना नावं द्यायची, गावातलाच वाटाड्या घ्यायचा आणि त्याची रोजी द्यायची. जेवणही तिथंच सांगायचं. ग्रामसभा नाही म्हणाली तर विषय संपला.

वनहद्द

ग्रामसभेनं लेखी दिलं तर माझा विरोध वेळेपुरता राहतो. आठ ते चार, एक मिनिट जास्त नाही.

धुरा

माझा राहतोच. ग्रामसभेचं जंगल असलं तरी तिथपर्यंत जाणारी पांदण काळ्या मातीची आणि शेतकऱ्यांची आहे. पोळ्याआधी जायचंच असेल तर गाड्या डांबरी रस्त्यावर लावा, पांदण संपेपर्यंत सायकली खांद्यावर न्या, आणि आठ नाही, चारच जण जा.