श्प्रित्सगेबेक: प्रेसमधून पीठ बाहेर येत नाही, आलं तर ओव्हनमध्ये पसरतं

बार्मेनकर · 25 नोव्हेंबर

नमस्कार मंडळी. मदत हवी आहे आणि जरा घाईने हवी आहे. येत्या रविवारी पहिला अ‍ॅडव्हेंट, म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारांपैकी पहिला. दुसऱ्या अ‍ॅडव्हेंटच्या, म्हणजे 7 डिसेंबरच्या आत मला डबाभर श्प्रित्सगेबेक करायचं आहे आणि आत्तापर्यंतचे दोन्ही घाणे फसलेत.

नाव नवीन असेल त्यांच्यासाठी: ही जर्मनीतली नाताळची बटर बिस्किटं. 'श्प्रित्सेन' म्हणजे पिचकारीसारखं दाबून बाहेर काढणं. पीठ साच्यातून दाबतात, अंगावर उभ्या रेघा येतात, मग त्याची कडी, एस किंवा बोटभर कांड्या करतात. काही जण टोकं चॉकलेटमध्ये बुडवतात.

आम्ही वुपरटालला 2013 मध्ये आलो तेव्हा मुलगा सात महिन्यांचा होता. खालच्या मजल्यावर एक आजी राहायच्या. मला तेव्हा जर्मनचे चार शब्द येत नव्हते. डिसेंबरात एका शनिवारी त्यांनी बेल वाजवली, हातात ताट दिलं, बाळाच्या गालाला बोट लावलं आणि खाली गेल्या. त्यानंतर दर वर्षी दुसऱ्या अ‍ॅडव्हेंटच्या आदल्या दिवशी ताट ठरलेलं. मी दिवाळीला त्यांच्याकडे फराळ न्यायचे. चकली हातात घेऊन त्या म्हणायच्या, "हे माझंच श्प्रित्सगेबेक, तू तळलंस."

मार्चमध्ये त्या पडल्या, खुबा मोडला. आता वृद्धाश्रमात असतात. घर रिकामं करताना त्यांच्या मुलीने मला त्यांचा पत्र्याचा डबा आणि कृतीचा कागद दिला. यंदा ताट त्यांच्याकडे जायला हवं, एवढंच माझ्या मनात आहे.

कागदावर फक्त जिन्नस लिहिलेत: मैदा 500 ग्रॅम, बटर 250, साखर 250, अंडी 2, व्हॅनिला साखरेची 1 पुडी, बेकिंग पावडर अर्धी पुडी, चिमूट मीठ. करायचं कसं, ओव्हन किती, एक अक्षर नाही.

मी दांडा दाबला की एकेक फूल पडतं तसला प्लॅस्टिकचा कुकी प्रेस आणला. पहिल्या वेळी पीठ इतकं घट्ट झालं की चौथ्या फुलाला दांडाच तुटला. दुकानाने बदलून दिला. दुसऱ्या वेळी पिठात चार चमचे दूध घातलं. मग पीठ बाहेर आलं, पण बेकिंग पेपरला चिकटेना. प्रेस उचलला की फूल प्रेसबरोबर वर. बोटाने खाली ढकलली ती ओव्हनमध्ये पसरून सपाट पुऱ्या झाल्या. चव बरी होती, पण चव तेवढी नेऊन चालणार नाही, त्यांना रेघा दिसायला हव्यात.

मैदा 405 नंबरचा, बटर साधं, बिनमिठाचं. काय चुकतंय?

---

रूरकाठ · 25 नोव्हेंबर

बार्मेनकर ताई, तुमचं काही चुकलेलं नाही. कृती एका यंत्राची आहे आणि तुम्ही ती दुसऱ्यात घालताय.

मी एसेनला 2006 पासून आहे, सासूबाई इथल्याच. 500 मैदा, 250 बटर, 250 साखर, 2 अंडी हे आमच्याकडेही तंतोतंत असंच आहे. इथे बटरचं पाकीट 250 ग्रॅमचं आणि बेकिंग पावडरची पुडी अर्धा किलो मैद्याच्या हिशोबाची असते, त्यामुळे जुन्या कृती याच आकड्यांवर येतात. पण हे पीठ फ्लाइशवोल्फचं. म्हणजे खिमा काढायचं, टेबलाच्या कडेला आवळून बसवायचं, हाताने फिरवायचं लोखंडी यंत्र. नाताळात त्याच्या तोंडाला एक पट्टी लावतात, तिला तारा, चपटं, रेघांचं अशी भोकं असतात. सासूबाई दांडा फिरवायच्या आणि मुलं समोर बसून बाहेर येणारी लांब दोरी हातावर झेलायची. आतला स्क्रू पीठ रेटतो, म्हणून घट्ट पीठ चालतं, किंबहुना घट्टच लागतं. कारण दोरी हाताने उचलून, कापून, वळवून ट्रेवर ठेवायची असते. मऊ पीठ हातातच तुटेल.

तुमच्या कुकी प्रेसला तेवढा जोर नाही. त्याला मऊ पीठ लागतं आणि तो मऊपणा बटरमधून यायला हवा, दुधातून नाही. दुधाने पीठ सैल होतं, पण मैद्याला पाणी मिळालं की चिवटपणा येतो आणि बिस्किट खुसखुशीत राहत नाही. प्रेससाठी माझं माप 250 बटरला 350 ते 375 मैदा, 125 पिठीसाखर आणि एकच अंडं.

पण तुम्हाला आजींचीच कृती करायची आहे ना? मग प्रेस ठेवून द्या. घरात सोऱ्या आहे का? पितळी, फिरकीचा? दिवाळीला चकल्या करता म्हणजे असणारच. फिरकीचा सोऱ्या आणि फ्लाइशवोल्फ, दोन्हीत स्क्रूचाच जोर. चकलीची चकती लावा. मी पहिली सहा वर्षं त्यातच केलं आणि सासूबाईंनी एकदाही नाव ठेवलं नाही.

एकच गोष्ट सांभाळा. चकलीचं पीठ कोमट असलं तर चालतं, मोहन कडकडीत घालायची आपल्याला सवय असते. इथे उलटं. बटर बोट दाबल्यावर खळगा पडेल इतकंच मऊ, चकाकायला लागलं की जास्त झालं. साखर आणि बटर फेसा, पण केकसारखं पांढरंशुभ्र होईपर्यंत नको, भरलेली हवा ओव्हनमध्ये फुगते आणि रेघा पुसते. अंडी घाला, मैदा घातल्यावर गोळा होईपर्यंतच मळा. झाकून फ्रिजमध्ये एक तास. सोऱ्याचं नळकांडंही पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, पितळ हाताची ऊब फार पटकन धरतं. अर्धाच भरा, बाकीचं पीठ गारच राहू दे.

वळून झालेला ट्रे भाजण्याआधी पुन्हा वीस मिनिटं गार करा. नोव्हेंबर आहे, बाल्कनीत ठेवलात तरी चालेल. वर-खाली आच असेल तर 180, पंख्याचा ओव्हन असेल तर 160. दहा ते बारा मिनिटं. कडा पिवळ्या झाल्या की बाहेर. तेव्हा ती मऊ लागतील, गार झाल्यावर कडक होतात. रंगाची वाट पाहिलीत तर करपलेल्या बटरचा वास येईल.

आणि बेकिंग पावडर मी घालत नाही. रेघा स्वच्छ येतात.

---

मिनेसोटावासी · 26 नोव्हेंबर

रूरकाठ यांनी सोऱ्याचं छान सांगितलं. मी प्रेसच्या बाजूने लिहिते, कारण कोणीतरी पुढे हा धागा शोधत येईल.

आमच्याकडे स्वीडिश आणि नॉर्वेजियन वंशाची घरं पुष्कळ. तिथे यालाच स्प्रिट्झ म्हणतात आणि करतात ते प्रेसमध्येच. हिरव्या रंगाची झाडं, त्यावर रंगीत साखर. माझ्याकडचा प्रेस शेजारणीने दिलेला, मिरोचा जुना अ‍ॅल्युमिनियमचा. ती कंपनी विस्कॉन्सिनमधल्या मॅनिटोवॉकची. अजून उत्तम चालतो.

तुमची फुलं वर उचलली जात होती त्याचं कारण बेकिंग पेपर. प्रेसमधल्या पिठाला खालून कोणीतरी धरून ठेवावं लागतं, तेव्हाच ते प्रेसपासून सुटतं. म्हणून ट्रे कोरडा, उघडा, धातूचा. तूप नाही, कागद नाही, सिलिकॉनची चटई नाही. आणि ट्रे गार हवा. पीठ गार धातूला लागलं की बटर तिथल्या तिथे आळतं आणि पकडतं. मी दोन ट्रे आलटून पालटून वापरते. ओव्हनमधून आलेल्या ट्रेवर लगेच दुसरा घाणा घातलात तर बटर भाजायच्या आधीच वितळतं.

प्रेसचं पीठ फ्रिजमध्ये ठेवायचं नाही, हा सोऱ्यापेक्षा मोठा फरक. पीठ स्वयंपाकघराच्या तापमानाचं, ट्रे तेवढा थंड. दर वेळी पहिली दोन-तीन फुलं वाकडी येतात, नळीतली हवा निघेपर्यंत. ती परत पिठात घाला.

---

वसईचीपोर · 26 नोव्हेंबर

इकडे आमच्याकडे नाताळाला कुलकुल आणि नेवऱ्या. कुलकुलाची गोळी काट्याच्या पाठीवर दाबून वळवायची, रेघा हव्यात म्हणून, आणि आई एकेक तपासायची. म्हणून रेघांचा आग्रह अगदी कळला. दोन प्रश्न. अमूल बटर चालेल का? आणि सासरी अंडं चालत नाही, तर काय घालू?

---

रूरकाठ · 26 नोव्हेंबर

अमूल चालेल. नेहमीच्या पिवळ्या पाकिटात मीठ असतं, म्हणून वरचं मीठ घालू नका. स्निग्धांश 80 टक्के, इथल्या बटरमध्ये 82, तेवढ्या फरकाने काही बिघडत नाही. तूप मात्र नको. तुपात पाणी नसतं, बिस्किट नानकटाईकडे झुकतं. नानकटाई मला प्रिय आहे, पण ती वेगळी.

दोन अंड्यांऐवजी चार-पाच मोठे चमचे गार दूध, एकदम नाही, लागेल तसं. दूध सैल करतं असं वर मीच म्हटलंय, पण तिथे अंडी असताना वरून घातलं होतं. इथे ओलावा कुठून तरी यायलाच हवा. बिस्किट जरा भुसभुशीत होईल. मुंबईकडची हवा दमट, गार झाल्याबरोबर डब्यात भरा.

---

बार्मेनकर · 1 डिसेंबर

काल संध्याकाळी आईचा सोऱ्या काढला. ती 2016 मध्ये आली होती तेव्हा घेऊन आलेली, तिच्या लग्नातला, झाकणावर आजोबांचं नाव कोरलेलं. फ्रिजमध्ये दुधाच्या शेजारी तो ठेवताना मुलगा बघत राहिला.

रूरकाठ ताई, पीठ आलं! फिरकी फिरवायला दोन्ही हात लागले, पण दोरी अखंड, काटे उभे. मुलाने ती हातावर झेलली. मी त्याला काही सांगितलं नव्हतं, ते आपोआपच होतं. दहा सेंटिमीटरचे तुकडे, काही सरळ, काही एस. चकलीसारखं वळवायचा हात आपोआप जात होता, एक वेढा झाला की थांबवत होते. शेवटी दोन चकल्या केल्याच. त्या मधे कच्च्या राहिल्या, तेव्हा कोणी करू नका.

एका बाबतीत तुमचं ऐकलं नाही. बेकिंग पावडर घातली, अर्धी पुडी, कागदावर आहे तशी. त्यामुळे रेघांच्या धारा जरा बोथट झाल्या. पण मग आठवलं, त्यांच्या ताटातल्या रेघाही अशाच, थोड्या गोलसर असायच्या. बारा वर्षं खाल्लीत, मला माहीत आहे.

चॉकलेटमध्ये अर्धीच बुडवली. डब्यात थरांमध्ये कागद घातला. असं झाकून ठेवलं की तीन आठवडे तरी टिकतात म्हणे, पण आमच्या घरात मला शनिवारपर्यंत डबा कपाटाच्या वरच्या खणात ठेवावा लागणार आहे.

मिनेसोटावासी, उरलेल्या मैद्यात तुमच्या पद्धतीने उघड्या गार ट्रेवर प्रेसही करून पाहिला. फुलं जागेवर बसली. त्या बिचाऱ्या प्रेसचाही काही दोष नव्हता.

---

बार्मेनकर · 6 डिसेंबर

आज निकोलाउस, म्हणजे संत निकोलसचा दिवस, इथे मुलांच्या बुटात खाऊ ठेवतात. सकाळी मुलाच्या बुटात संत्रं आणि अक्रोड ठेवले आणि दुपारी तीनला, तिथल्या कॉफीच्या वेळेला, डबा घेऊन गेलो. आधी फोन करून विचारून ठेवलं होतं, कारण अशा ठिकाणी काहींना कोरडं, कडक खाणं गिळायला जड जातं. नर्स म्हणाली, त्यांना चालतं, कॉफीत बुडवून.

डबा त्यांनी आधी ओळखला. बिस्किटांच्या आधी. झाकणावरचा पोचा अंगठ्याने चाचपला. मग एक एस उचललं, खिडकीकडे धरलं, रेघा पाहिल्या, आणि विचारलं, कशातून काढलंस? मी सोऱ्याचा फोटो दाखवला. बराच वेळ पाहत होत्या. त्यांचं यंत्र त्यांच्या आईचं होतं, युद्धानंतर दोन घरं बदलली तरी बरोबर आलेलं, हे मला बारा वर्षांत माहीत नव्हतं.

मग कॉफीत बुडवलं, खाल्लं, दुसरं घेतलं. आणि म्हणाल्या, "लिंबाची साल कुठे आहे?"

मी कागद पर्समधून काढला. त्यांनी चष्मा लावून वाचला. खरंच नाही लिहिलेली. म्हणाल्या, ती काय लिहायची, ती तर घालतातच. एका लिंबाची, फक्त पिवळी, पांढरं खरवडायचं नाही, आणि साखरेत आधी चोळायची, म्हणजे वास साखरेत उतरतो. मी तिथेच कागदाच्या मागे लिहून घेतलं. त्यांनी पेन मागून खाली स्वतःचं नाव घातलं.

येताना साल खाण्याजोगी, बिनफवारणीची लिंबं घेतली. बटर बाहेर काढून ठेवलंय. वसईचीपोर, तुम्हीही घाला.

---

वसईचीपोर · 7 डिसेंबर

घातली. दुधाचे साडेचार चमचे लागले. सासूबाईंनी तिसरं मागितलं.