अनुभव धागा : ग्रॅममधील कृती आणि आपल्या घरची वाटी

मागच्या दिवाळीत मुलीने पुण्याहून नानखटाईची कृती पाठवली : मैदा २५० ग्रॅम, पिठीसाखर १२५ ग्रॅम, तूप १५० ग्रॅम. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या खेड्यात घरोघरी काटा नसतो, म्हणून एका वाटीचे शंभर ग्रॅम धरून मी अडीच वाट्या मैदा, सव्वा वाटी साखर आणि दीड वाटी पातळ तूप घेतले. नानखटाया ताटलीत पसरून एकमेकींना चिकटल्या. दुसऱ्या दिवशी दुधाच्या लिटरच्या मापात पाणी घेऊन वाटी मोजली, तेव्हा लिटरमध्ये बरोबर पाच वाट्या बसल्या. म्हणजे वाटी २०० मिलीची. मग छापील वजनाचे पुडे फोडले. अर्धा किलो दाणेदार साखरेच्या तीन वाट्या झाल्या, अर्धा किलो मैद्याच्या मात्र पाचाला थोड्या कमी. तुपाची तीच वाटी १८० ग्रॅमच्या आसपास भरते. मैदा जवळपास बरोबर पडला होता, पण तूप दीडशेच्या जागी पावणेतीनशे ग्रॅमकडे गेले होते. आपण कोणकोणत्या जिनसांना असे मोजून पाहिले आहे, ते कृपया सविस्तर लिहावे.

मोर्शी तालुका, गृहिणी :
ताई, माझा अनुभव लोणच्याचा आहे. सासूबाईंचे प्रमाण वाट्यांचे आणि मीठ खड्याचे होते. एका वर्षी खडे मीठ मिळाले नाही, म्हणून त्याच वाटीने तितकेच बारीक मीठ घातले आणि अख्खी बरणी तोंडात धरवेना इतकी खारट झाली. खड्यांच्या मध्ये पोकळी राहते, बारीक मीठ ती भरून काढते, त्यामुळे तेवढ्याच वाटीत वजन जास्त येते. आता मीठ दुकानातून तोलूनच आणते.

बुलढाणा जिल्हा, निवृत्त शिक्षक :
आमच्या आजीच्या वहीत 'तांदूळ एक शेर, तूप पाच तोळे' असे लिहिलेले आहे. तोळा ११.६६ ग्रॅमचा, म्हणून पाच तोळे तूप सुमारे ५८ ग्रॅम, म्हणजे पंधरा मिलीचे चार मोठे चमचे आणि वर थोडेसे. खरी अडचण शेराची आहे. ८० तोळ्यांचा शेर हे वजन होते, ते सुमारे ९३३ ग्रॅम भरते. पण चार शेरांची पायली म्हणतो तेव्हा तोच शेर धान्य भरून मोजायच्या भांड्याचे माप असतो. १९५६ च्या कायद्याने देशात किलो-ग्रॅम आले, तरी गावात पायली पुष्कळ वर्षे चालली. त्यातही माप शीग लावून भरले की हात फिरवून सपाट केले, यावर धान्य कमीजास्त होई. आजी काठोकाठ सपाट भरत असे, हे आईला आठवत होते म्हणून ती कृती आजही जमते.

गडचिरोली जिल्हा, शाळेत पोषण आहार शिजवणारी :
पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ आणि ५ ग्रॅम तेल, असे प्रमाण आहे. साठ मुले आली की सहा किलो तांदूळ, बाराशे ग्रॅम डाळ आणि तीनशे ग्रॅम तेल लागते. काटा बिघडला तेव्हा गुरुजींनी रेशन दुकानातून सहा किलो तांदूळ तोलून आणले, ते गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, ओतून हलवून सपाट केले आणि मी आतून खिळ्याने खूण केली. तांदळाचे काम भागले, डाळीसाठी दुसऱ्या डब्यावर अशीच खूण केली. तेलात मात्र पुष्कळ दिवस चूक होत होती. लिटरच्या मापाने मी तीनशे मिली घेत असे, आणि तेल पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे ते वजनाला पावणेतीनशेच भरे. मुलांच्या वाट्याचे तेल कमी पडत होते, हे कळल्यावर मला फार वाईट वाटले. आता साठ मुलांना सुमारे ३३० मिली घेते, आणि त्या मापावरही रेघ ओढून ठेवली आहे.