फीडर राहू द्या, खालचा सडा झाडा

परसातली_मैना

आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेपुढे ठराव येतोय: गॅलऱ्या, गच्ची आणि बाग, सगळीकडचे बर्ड फीडर काढून टाकायचे. कारणं दोन, पारवे आणि घुशी. 2025 मध्ये दादरच्या कबुतरखान्यावर, म्हणजे कबुतरांना दाणे घालायच्या जागेवर, बंदीची ताडपत्री पडली, तेव्हापासून हातात दाण्याचा डबा दिसला तरी लोक डोळे वटारतात.

माझा ठरावाला विरोध आहे. पारव्यांचा त्रास खोटा आहे असं मात्र मी म्हणत नाही. टांगलेल्या फीडरच्या नळीवर पारव्याला धड बसता येत नाही. एखादा फडफडत लटकतो, पण जमीनच त्याची हक्काची जागा, आणि तो येतो ते खाली सांडलेल्या दाण्यांसाठी. रात्री घूस येते तीही त्यासाठीच. मग ठराव असा करा ना: ज्याने फीडर टांगला त्याने अंधार पडायच्या आत खालचं झाडायचं. जमत नसेल तर फीडर उतरवायचा.

सडा का पडतो, हेही बघा. दुकानातल्या तयार मिश्रणात बाजरी, राळा यांच्याबरोबर ज्वारी, गहू, कधी मक्याचा भरडा असतो. चिमण्या आणि मुनिया बारीक दाणा वेचतात आणि बाकीचं चोचीने उडवतात. सूर्यफुलाचं बी घातलंत तर पोपट येणार, आणि पोपटासारखा उधळ्या पक्षी नाही.

खात्री करायची असेल तर खालचं सगळं झाडून सुपात घ्या आणि पाखडा. राळ्याची टरफलं फुंकरीसरशी उडतात. लोकांना जो "दाण्यांचा ढीग" दिसतो त्यातला बराचसा हा नुसता कोंडा असतो, कारण मुनिया दाणा सोलून खाते. सुपात उरतं ते खरं वाया गेलेलं. माझ्या सुपात जवळजवळ सगळी ज्वारी आणि गहू उरले. तेव्हापासून फक्त राळा आणि बाजरी घालते, तेही सकाळी एकदाच, दुपारपर्यंत संपेल इतकंच. फीडरखाली कुंडीची मोठी बशी टांगली आहे, थोडंफार पडलं तर तिच्यात पडतं.

बी_विंगचा_सचिव

मैनाताई, कागदावर उत्तम. मी ठाण्यातल्या एका सोसायटीचं काम बघतो, म्हणून विचारतो: रोज संध्याकाळी कोण बघणार, कोणी झाडलं आणि कोणी नाही? ओला-सुका कचरा वेगळा करा एवढंही लोक ऐकत नाहीत.

घुशींबद्दल तुम्ही हलकं घेताय. आमच्या बागेत फीडरच्या अगदी खाली पेव्हर ब्लॉक खचले. उचलून पाहिलं तर खाली बीळ, आणि बिळाच्या तोंडाशी बाजरी. घुशी आल्या की त्यांच्यामागे धामण येते, आणि मग सापाला पकडायला कोणाला बोलवायचं यावर रात्री अकराला ग्रुपवर चर्चा. पावसात उंदीर-घुशींचं मूत्र साचलेल्या पाण्यात मिसळतं, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) ताप त्यातूनच होतो, आणि मुलं त्याच पाण्यात खेळतात. कबुतरांच्या विष्ठेच्या धुळीने फुप्फुसांना सूज येते, ते वेगळंच. ज्यांना दमा आहे त्यांना "पाखडून बघा" सांगू का?

बंदी सोपी असते. नियम सांभाळावा लागतो, आणि तो सांभाळणारा माणूस शेवटी मीच असतो.

गवतफुला

दोघांशी असहमत. झाडायचं कोणी यावर भांडताय, पण मुळात टांगायचं कशाला?

चिमणीची पिल्लं दाण्यांवर वाढत नाहीत. त्यांना पहिले काही दिवस अळ्या आणि किडे लागतात. आपण बागेत फवारणी करून किडे मारतो आणि मग बाजरी टांगून पुण्य कमावतो. 20 मार्चला जागतिक चिमणी दिनाच्या निमित्ताने फीडर वाटले जातात तेव्हा मला हसूच येतं. त्यापेक्षा मेंदीचं दाट कुंपण लावा, चिमण्या त्यात लपतात. कढीपत्त्याला फळं येऊ द्या, बुलबुल आणि कोकीळ आपणहून येतात. लॉनचा एक कोपरा कापू नका, गवताला बी धरलं की मुनिया गवतावरच झुलत खातात. तिथे पडलेलं बी झाडावं लागत नाही, ते उगवतं.

लीस्टरकर

इंग्लंडातून लिहितोय. इथे परसात फीडर असणं इतकं रुळलेलं आहे की बंदी हा शब्द कोणी सहसा काढत नाही. पण सड्याची किंमत इथे पक्ष्यांनीच मोजली. 2005-06 पासून ग्रीनफिंच या पक्ष्यात ट्रायकोमोनोसिसची साथ पसरली आणि त्यांची संख्या प्रचंड घटली. घसा सुजतो, पक्ष्याला गिळता येत नाही, तो अर्धवट खाल्लेला ओला दाणा टाकतो आणि दुसरा तोच उचलतो.

म्हणून मैनाताई, तुमच्या बशीवर माझा मोठा आक्षेप आहे. सपाट जागेवर दाणा, लाळ आणि विष्ठा एकत्र साचतात. पक्षीसंवर्धन करणाऱ्या आरएसपीबी या संस्थेने 2025 मध्ये सपाट फीडरची विक्रीच थांबवली. मी बशी लावत नाही. आठवड्याला फीडर धुतो, वाळवतो आणि टांगायची जागा बदलतो, म्हणजे एकाच ठिकाणी घाण साचत नाही. आणि सोललेलं सूर्यफूल घेतो. टरफलांचा थर पडला की त्याखालचं गवत मरतं, हे आमच्या लॉनवर स्वच्छ दिसतं.

कुडाळचो_दाजी

अरे, काय एवढं झाडताय! होला खालीच खातो, त्याला तुमची नळी जमत नाही. खारी खालीच वेचतात. अंगण चकचकीत केलंत तर त्यांनी जायचं कुठे? आमच्याकडे भात वाळत घातलं की चिमण्या, होले, साळुंक्या सगळ्यांचा वाटा ठरलेला. सडा राहतच नाही, कारण उरलंसुरलं कोंबड्या टिपतात. तुमच्या सोसायटीने ठरावात चार कोंबड्या घ्याव्यात.

बी_विंगचा_सचिव

दाजी, कोंबड्यांवर वेगळा धागा काढा. तिथे मी पहाटेच्या आरवण्याची तक्रार घेऊन येतो.

परसातली_मैना

लीस्टरकर, बशी रात्रभर तशीच ठेवली तर तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. माझी रोज रिकामी होते आणि धुऊन उन्हात पालथी पडते. पण ज्याला हे जमणार नाही त्याने बशी लावूच नये, ही ओळ ठरावात घालते. पावसाळ्यात तर फीडरच उतरवते. दाणा भिजून गोळा होतो, आंबूस वास सुटतो, बुरशी धरते. खाली कुंड्यांत बाजरीचे कोंब येतात तेवढे गोड दिसतात, बाकी सगळं त्रासाचं.

गवतफुला, पिल्लांचं मान्य. पण लॉनचा कोपरा न कापण्यासाठी आमच्या कमिटीशी किती भांडावं लागतं, ते एकदा भांडून बघ. तिथे गवत वाढलं की लगेच "साप येतील". मी दोन्हीसाठी भांडेन, पण जे आज माझ्या हातात आहे ते सोडणार नाही.

दाजी, होल्यांना दिवसभर खाली वेचू द्यायचंच आहे. झाडायचं संध्याकाळी, घुशींच्या आधी.

आणि सचिवसाहेब, तुमच्या पेव्हर ब्लॉकचं उत्तर: फीडर मातीवर किंवा ब्लॉकच्या सांध्यांवर टांगायचाच नाही. खाली सलग फरशी हवी. तिच्यावर दाणा दिसतो, झाडला जातो, आणि बीळ करायला फट मिळत नाही. गॅलरीतले फीडर बंद, कारण खालच्या मजल्यावाल्याने कुणाचा सडा का झाडावा? बागेत एकच जागा ठरवा आणि टांगणाऱ्यांची नावं तिथल्या फळ्यावर लिहा.

बी_विंगचा_सचिव

गॅलरीतले बंद करत असाल तर निम्मं भांडण मिटलं. पण ज्याचं नाव फळ्यावर आहे आणि जो गावाला गेला, त्याचं काय? दंड?

परसातली_मैना

दंड नको, त्यावरून नवी भांडणं. खाली दाणे दिसले की वॉचमनने फीडर उतरवून केबिनमध्ये ठेवायचा. मालकाने येऊन न्यायचा.

बी_विंगचा_सचिव

वॉचमनला विचारलंत?