टाइमलाइनवरचे मार्कर: तुमचे किस्से आणि घोळ

कात्रीबाई:
काल कपाट आवरताना जुनी हार्ड डिस्क सापडली. व्हिडिओ एडिटिंगचा जुना प्रोजेक्ट उघडला तर फुटेज गायब, सगळीकडे 'मीडिया ऑफलाइन'चा (म्हणजे फाइल सापडत नाही) लाल पडदा. आजोबांची मुलाखत होती ती. चित्र नाही, आवाज नाही, पण टाइमलाइनच्या (क्लिप क्रमाने मांडायच्या पट्टीच्या) वर माझे मार्कर, म्हणजे एडिट करताना लावलेल्या खुणा-नोंदी, जसेच्या तसे. "इथे हशा." "श्वास मोठा येतो, काढ." "हे वाक्य आधी घे." आणि १२:४० ला फक्त "नको". काय नको, कशाला नको, काही आठवेना. अर्धा तास त्या रिकाम्या टाइमलाइनकडे बघत बसले. तुमच्याही अशा खुणा असतीलच. लिहा.

रात्रपाळी:
माझा एकच किस्सा, तोही लाजिरवाणा. प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये चाळीसेक मार्कर लावले आणि मग सुरुवातीचा नको असलेला तुकडा रिपल डिलीट केला (तुकडा काढून पुढचं सगळं मागे सरकवणं). क्लिप सरकल्या, मार्कर जागेवरच. मार्कर मेनूत 'रिपल सीक्वेन्स मार्कर्स' असतं हे नंतर कळलं. तोवर सगळ्या नोंदी भलत्याच माणसाच्या तोंडावर. "इथे रडते" हे हसणाऱ्या बाईवर.

उगाचच:
😂😂 "इथे रडते" म्हणजे एडिटर असेल

ठेका:
गाण्यावर कट मारायचे म्हणून प्ले करून एम, एम, एम (मार्करची की) दाबत गेलो. नंतर पाहिलं तर प्रत्येक खूण ठेक्याच्या तीन-चार फ्रेम मागे. २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद, कान ऐकणार, मग बोट हलणार, तेवढा उशीर होणारच. आता वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख) मोठा करून टोकावर ठेवतो. कंटाळवाणं आहे, पण कट बसतो.

निळीशाई:
घाईत लिहितेय, बाळ उठेल. क्लिप सिलेक्ट राहिली होती, त्यामुळे माझे सगळे मार्कर टाइमलाइनवर न पडता क्लिपवर पडले. क्लिप उडवली, मार्करही गेले. आणि मी शोधतेय पॅनेलमध्ये. उठलं. येते

जुनी_रीळ:
आम्ही वर्कप्रिंटवर (एडिटिंगसाठी काढलेल्या फिल्मच्या कॉपीवर) ग्रीस पेन्सिलीने खुणा करायचो. कापायच्या फ्रेमवर आडवी रेघ, डिझॉल्व्ह (एक दृश्य दुसऱ्यात विरघळणं) असेल तर तितक्या लांबीची तिरकी रेघ. प्रोजेक्टरवर लावलं की त्या रेघा पडद्यावर नाचायच्या. एकदा निर्माता म्हणाला, "हा पिवळा इफेक्ट छान आहे, ठेवा." फडक्याने पुसताना वाईट वाटलं होतं.

कात्रीबाई:
काका, हे अजून लिहा ना!

अर्धवट_रेंडर:
रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये टाइमलाइन सुरुवातीलाच एक तासापासून मोजते, ०१:००:००:००. मी मार्करच्या वेळा तशाच यूट्यूबच्या वर्णनात चिकटवल्या. नऊ मिनिटांच्या व्हिडिओत पहिला चॅप्टर एक तास चार सेकंदांवर. तास काढून टाकला, तरी चॅप्टर दिसेनात. पहिली वेळ ००:०० असावी लागते, किमान तीन लागतात आणि प्रत्येक निदान १० सेकंदांचा. माझी पहिली ००:०४ होती. चार सेकंदांसाठी दुपार गेली.

उगाचच:
अवांतर: रेंडर (अंतिम व्हिडिओ फाइल बनणं) पूर्ण झाला का शेवटी?

अर्धवट_रेंडर:
नाव बघा की माझं

निळीशाई:
परत आले. अजून एक. मराठी कीबोर्ड चालू होता, नोंदीचा चौकोन उघडला होता आणि मला वाटलं व्हिडिओ चालू आहे. मी आपली ठेक्यावर एम दाबतेय. बघते तर काय, नोंदीत लिहिलंय "सससससससस". इनस्क्रिप्टवाल्यांना कळेल, त्या मराठी कीबोर्डवर एमच्या जागी 'स' असतो.

ठेका:
तो मार्कर ठेवलास ना? सापाचा शॉट आला की कामाला येईल

दुरंगी:
मला लाल-हिरवा वेगळा दिसत नाही. आमच्याकडे "लाल म्हणजे बदल, हिरवा म्हणजे पास" अशी पद्धत होती, मी दोन दिवस पास झालेलेच शॉट बदलत होतो. कोणी काही बोललं नाही, त्यांना वाटलं मी फार चोखंदळ आहे. आता प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीला 'ब' किंवा 'प' लिहितो. रंग बघतच नाही.

रात्रपाळी:
फायनल कट सॉफ्टवेअरमध्ये 'टू-डू' (करायच्या कामाचा) मार्कर लाल असतो, काम झालं की हिरवा. म्हणजे तुमच्यासाठी तर...

दुरंगी:
माहिती आहे 🙄

उगाचच:
@कात्रीबाई फुटेज कुठे सापडलं का? नाव बदललं असेल तर रीलिंक (फाइल कुठे आहे ते पुन्हा दाखवून जोडणं) करून बघा, फोल्डर हलला की असंच होतं.

कात्रीबाई:
सापडलं! दुसऱ्या डिस्कवर, "नवीन फोल्डर २" मध्ये. एक फाइल दाखवली, बाकीच्या आपोआप जोडल्या गेल्या. "इथे हशा" ला खरंच हशा आहे, आजोबा स्वतःच्याच विनोदावर हसतात. १२:४० ला मात्र काही नाही. ते गप्प बसलेत, मागे पंख्याची घरघर, मी बहुतेक पुढचा प्रश्न शोधतेय. सहा सेकंद. तेव्हा कापायचे ठरवले असणार. हेडफोन लावून परत ऐकते.

जुनी_रीळ:
कापू नकोस गं.